प्रश्न प्राथमिकचा की माध्यमिकचा?

टीव्हीवरच्या करोडपतीच्या खेळातली ती खुर्ची साहेबांसाठीच बनवलेली आहे, यावर आमच्या कार्यालयात एकमत होतं. असं म्हणणाऱ्या प्रत्येकाचा गोपनीय अहवाल माझ्या सहीने वर जातो, हा निव्वळ योगायोग समजण्याइतका मी मोठ्या मनाचा आहे. शिवाय त्यांच्या बोलण्यात तथ्य होतंच. मी गटशिक्षणाधिकारी. बाराखडीपासून त्रैराशिकापर्यंत तालुक्यात जेवढं ज्ञान शिल्लक आहे, त्याचा तक्ता शेवटी माझ्याच टेबलावर येतो. टेबलावरून ते डोक्यात चढतंच असं नाही, पण टेबल माझं आहे.

हर्षवर्धन नवाथे यांनी 2000 साली 'कौन बनेगा करोडपती'त कोटी रुपये जिंकले तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. तेव्हापासून मी घरी बसल्या बसल्या, चहाच्या कपासकट, किती वेळा करोडपती झालो त्याला गणती नाही. बायकोला मात्र कौतुक नाही. "अहो, पर्याय हिरवा झाल्यावर सगळ्यांनाच उत्तर येतं," एवढंच ती म्हणते आणि दूध बघायला आत जाते.

त्या खेळाच्या मराठी अवतारातून मला फोन आला आणि मी परवानगीचा अर्ज केला. योग्य मार्गाने. शासकीय नोकराला खोकलासुद्धा योग्य मार्गाने काढावा लागतो, आणि महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 यांच्याशी खेळ करणं त्या खुर्चीतल्या खेळापेक्षा महाग पडतं. अर्जावर तीन शंका निघाल्या. कार्यक्रमात शासनाच्या धोरणावर टीका होणार नाही याची हमी द्यावी. रजा अर्जित की किरकोळ ते स्पष्ट करावं. आणि अर्जदार हरल्यास जबाबदारी कोणाची, हे निश्चित करावं. तिसऱ्या शंकेवर मी "अर्जदाराची" असं लिहून खाली सही केली. एवढ्या स्पष्ट शब्दांत जबाबदारी घेतलेला कागद आमच्या कार्यालयातून बाहेर गेल्याचं जुन्या लिपिकांनाही आठवत नव्हतं.

बाकी तयारीची मला गरज वाटली नाही. उभा जन्म मी प्रश्न विचारण्यात घालवला आहे, आणि प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर येत असणारच, असा लोकांचा समज असतो. माझाही होता.

इथे जरा थांबून शाळाभेटींविषयी सांगायला हवं, कारण हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. शाळेत येणाऱ्या प्रत्येक साहेबाचा एक ठरलेला प्रश्न असतो. एकच. दुसरा प्रश्न म्हणजे दुसरं उत्तर पाठ करणं आलं, आणि तेवढा वेळ कुठल्याच साहेबाकडे नसतो. माझ्या आधीच्या एका साहेबांचा प्रश्न होता, "एकोणतीस त्रिक?" त्यांच्या कारकिर्दीत तालुक्यातल्या पोरांना एकोणतीसचा पाढा फक्त तिसऱ्या पायरीपुरता येत असे. सत्त्याऐंशी म्हटलं की साहेब खूश, गुरुजी खूश, चौथ्या पायरीवर कोणी पाय ठेवायचा नाही. त्यांच्याही आधीचे साहेब विनोदी होते. ते विचारत, "मोर अंडं कुठे घालतो?" पोरं गोंधळली की स्वतःच गडगडाटी हसत आणि "अरे, अंडं लांडोर घालते!" असं सांगून गाडीत बसत. ते बदलून गेले, पण त्यांचा प्रश्न काही बदलून गेला नाही. पुढे कितीतरी दिवस शाळेत कोणीही पाहुणा आला की अख्खा वर्ग उभा राहून "लांडोर!" असं ओरडायचा. एकदा आरोग्य खात्यातल्या बाई जंताच्या गोळ्या वाटायला आल्या होत्या. त्या रागावून गोळ्या परत घेऊन गेल्या म्हणतात.

माझा प्रश्न अर्थातच या दोघांपेक्षा दर्जेदार. कळसूबाई शिखराची उंची. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, 1646 मीटर. प्रश्नात भूगोल आहे, गणित आहे, अभिमानही आहे. सुरुवातीला उत्तर यायचं नाही. मग हळूहळू यायला लागलं, आणि वर्षभरात तालुका असा काही तरबेज झाला की मी "कळसू" म्हणेपर्यंत "बाई" आणि उंची दोन्ही माझ्या अंगावर यायची. प्रत्येक शेरेबुकात मी लिहीत गेलो : विद्यार्थ्यांची भूगोलातील प्रगती उल्लेखनीय. जिल्ह्याच्या बैठकीतही मी हे सांगितलं, आणि उंची सांगताना आवाज थोडा खाली आणला, जसा आपलाच मुलगा पहिला आल्याचं सांगताना आणतात.

मग एका शाळेत मुख्याध्यापकांचा मोबाइल टेबलावर पालथा पडायचा तो उताणा पडला होता. त्यावर शेजारच्या शाळेतून आलेला निरोप होता : "निघाले. पांढरी गाडी. 1646." त्याच दिवशी पहिलीतल्या एका पोराला मी सहज नाव विचारलं. तो छाती काढून म्हणाला, "एक हजार सहाशे शेहेचाळीस मीटर."

त्याच वर्गात मागच्या रांगेत एक मुलगी होती, चौथीतली. दोन्ही वर्ग एकत्रच बसत, गुरुजी दोन आणि वर्ग चार. तिने हात वर केला. साहेबाच्या भेटीत मुलाने स्वतःहून हात वर करणं म्हणजे लघवीला जाणं, एवढाच अर्थ आम्हाला माहीत. तिने विचारलं, "सर, तिथून आमची वाडी दिसते का?"

गुरुजी म्हणाले, "खाली बस." मी म्हणालो, "छान, छान." दोन्हींचा अर्थ एकच. रात्री घरी जाऊन मी नकाशा काढला. कळसूबाई सापडलं, अकोले सापडलं, इगतपुरी सापडली. तिची वाडी त्या नकाशावर नव्हतीच. आता तालुक्याच्या शिक्षणाचा आराखडा मी ज्या नकाशावर लाल टाचण्या टोचून करतो, तो हाच नकाशा. मला स्वतःचा जेवढा राग यायला हवा होता तेवढा आला नाही. नकाशाचा मात्र आला, आणि सरकारी माणसासाठी ते सोयीचं असतं.

असो. खेळाकडे येऊ.

फोन करण्यासाठी मित्रांची नावं आधी द्यायची असतात. जाणकार माणसं द्या, असं तिथली मुलगी पुन्हा पुन्हा सांगत होती. बिचारीला सेवाज्येष्ठता ठाऊक नव्हती. आमच्याकडे एक केंद्रप्रमुख आहेत, वाचून वाचून डोळे गेलेला माणूस. पण त्यांचं नाव दिलं आणि शिक्षणाधिकारी साहेबांचं नाही दिलं, तर प्रक्षेपण संपायच्या आत माझी बदली झाली असती. म्हणून पहिलं नाव साहेबांचं, दुसरं उपशिक्षणाधिकाऱ्यांचं, तिसरं पंचायत समितीतल्या ज्यांना वगळून चालत नाही त्यांचं. केंद्रप्रमुखांना मी म्हणालो, "तुम्ही टीव्हीवर बघाच."

सुरुवातीचे प्रश्न भराभर गेले. मी हसत होतो, मान डोलावत होतो, एकदा तर सूत्रसंचालकांना "प्रश्न चांगला आहे" असा शेराही दिला. मग ते म्हणाले, "आता हा तर तुमच्याच खात्यातला!" आणि माझ्या पाठीतून घाम निघाला. सिनेमावरचं उत्तर चुकलं तर माणूस सभ्य ठरतो. खात्यातलं चुकलं तर तालुक्यातल्या साऱ्या शाळांना माझ्यासाठी एक नवा प्रश्न मिळणार होता.

सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण 1893 मध्ये ज्या अमरेली तालुक्यात सुरू झालं, तो तालुका कोणत्या संस्थानात होता? कोल्हापूर, बडोदा, भावनगर, जुनागड.

अमरेली सौराष्ट्रात, हे मला माहीत होतं. म्हणजे भावनगर किंवा जुनागड. पण मनात कुठेतरी बडोदा बडोदा असं चाललं होतं. मी साहेबांना फोन लावायला सांगितला. साहेबांकडे प्राथमिकचा कार्यभार, आणि माध्यमिकची जागा रिकामी असल्याने तिचा अतिरिक्त. तीस सेकंदांत मी प्रश्न वाचला. पलीकडे शांतता. मग साहेबांचा तो खास बैठकीतला आवाज आला :

"हा विषय प्राथमिकचा की माध्यमिकचा?"

"प्राथमिकचा, साहेब."

"सक्तीचं म्हणजे आठवीपर्यंत ना? मग सहावी ते आठवीचं काय?"

"साहेब, पंधरा सेकंद राहिलीत."

"असं करा, सविस्तर टिपणी पाठवा. बघून..."

फोन बंद झाला. प्रेक्षक हसत होते. मी हसलो नाही, कारण त्यांच्या जागी मी असतो तर शब्दन् शब्द हेच बोललो असतो.

दोन पर्याय उडवले. बडोदा आणि भावनगर उरले. तेव्हा मला माझंच भाषण आठवलं. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ 1875 मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला, सयाजीराव झाला, आणि अमरेलीत प्रयोग करून 1906 मध्ये त्याने सगळ्या संस्थानात शिक्षण सक्तीचं केलं. दर कार्यक्रमात मी हे टाळ्या घेत सांगतो. ते भाषण लिहून देणारे केंद्रप्रमुख. मला वाक्य आठवलं नाही. त्यांचं बारीक, डावीकडे कललेलं अक्षर आठवलं, आणि त्यातला "बडोदा". उत्तर लॉक झालं. अभिनंदन माझं झालं.

पुढचा प्रश्न होता, कसुरी मेथीला ज्याच्यावरून नाव पडलं ते कसूर शहर आज कोणत्या देशात आहे. भारत, पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण. मी खेळ सोडला. निर्णय न घेणं हा माझ्या सेवेतला सर्वांत सुरक्षित निर्णय ठरत आला आहे. जिंकलेल्या रकमेवर सरसकट तीस टक्के आयकर आणि वर उपकर कापून जे उरलं, ते मत्ता व दायित्वाच्या विवरणपत्रात लिहिलं. सत्कार झाला. शाल मिळाली. साहेबांनी भाषणात सांगितलं की फोनवर त्यांनी मला योग्य दिशा दिली.

प्रक्षेपणानंतरच्या एका भेटीत, शाळेच्या स्वयंपाकखोलीसमोर, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी मला थांबवलं. मी तांदळाचा साठा बघायला गेलो होतो. पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम, त्यापुढे आठवीपर्यंत 150. हे हिशेब मला झोपेतही येतात, पण ते कोणी टीव्हीवर विचारत नाही.

"साहेब, कसूर पाकिस्तानात आहे," त्या म्हणाल्या. "बुल्लेशाहची समाधी आहे तिथं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"किराणा बांधून येतो ना, त्या कागदावर होतं. फेकायच्या आधी वाचते मी."

मग त्यांनी सांगितलं की दर वर्षी त्या नाव नोंदवतात. अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी 2019 मध्ये कोटी रुपये जिंकले, तेव्हापासून. ताडेबाई शाळेत खिचडी शिजवायच्या. पगार नव्हे, मानधन. तेव्हा महिन्याला 1500 रुपये. त्या बातमीचा कागद मावशींनी मसाल्याच्या डब्याखाली जपून ठेवला आहे. फोन मात्र त्यांना अजून आलेला नाही. मला पहिल्याच नोंदणीत आला होता.

मानधन वर्षाला दहा महिन्यांचं मिळतं. उरलेले दोन महिने पोटाला उन्हाळ्याची सुट्टी असते, असं ज्या कोणी ठरवलं त्याला मी तालुक्यातल्या कुठल्याही चौथीच्या वर्गात उभं करायला तयार आहे. दहा महिन्यांचंही वेळेवर येत नाही. ते का येत नाही, हे त्यांनी मला विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, हा विषय माझ्या पातळीवरचा नाही. त्यांनी ते विचारलंच नाही. त्यांचा प्रश्न वेगळा होता.

"साहेब, ती खुर्ची उंच दिसते. बसल्यावर पाय टेकतात का खाली?"

"नाही टेकत," मी म्हणालो. "खाली एक दांडी असते. तिच्यावर ठेवायचे."

"मग बरं झालं विचारलं. साडीत अडकेल नाहीतर," असं म्हणून त्यांनी पदर खोचला आणि झाकण काढून खिचडी ढवळायला घेतली.