आमच्या घराण्याचा चक्का

दही या विषयात मला कुणी काही शिकवू नये. गाडी कशी लावावी ते शिकवा, बायकोशी कसं बोलावं ते शिकवा (ती स्वतःच शिकवत असते), पण दह्याच्या बाबतीत आमचं घराणं स्वयंभू आहे. तेव्हा लेकीने पांढऱ्या लेपाच्या प्रेट्झेलची पिशवी ट्रॉलीत टाकून "बाबा, याच्यावर योगर्ट आहे, म्हणजे हेल्दी आहे" असं मला, प्रत्यक्ष मला, सांगितल्यावर मी पिशवी उलटी केली. अमेरिकेत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, ही एक चांगली सोय आहे. पहिली साखर. मग पाम कर्नल तेल. दही बरंच खाली, वाटेत दमून बसलेलं, तेही पावडरीच्या रूपात. "हे घरी करू," मी म्हणालो. लेकीने पिशवी मुकाट्याने ट्रॉलीतच राहू दिली. तिला वडील माहीत आहेत.

खुद्द प्रेट्झेलवर, त्या गाठ मारल्यासारख्या वाकड्या खाऱ्या बिस्किटावर, माझा राग नाही. आम्ही राहतो पेनसिल्व्हेनियात, आणि इथे प्रेट्झेलविषयी वाकडं बोलणं म्हणजे पुण्यात बाकरवडीला नावं ठेवण्यासारखं आहे. जर्मन बोलणाऱ्या लोकांनी तो इथे आणला. लिटिट्झ नावाच्या गावात ज्युलियस स्टर्जिस यांनी 1861 मध्ये प्रेट्झेलची व्यापारी भट्टी घातली, ती देशातली पहिली मानतात. त्याचा तो तांबूस तकाकणारा रंग येतो कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात बुडवून भाजल्यामुळे. होय, तोच, तुंबलेल्या मोरीत ओततात तो. भट्टीत त्याचा दाहकपणा जातो, म्हणून आपण जिवंत राहतो. वर जाडं मीठ. या खारटपणावर गोड लेप चढवण्याची कल्पना मला तरी परकी वाटली नाही. पुरणात नि उकडीत चिमूटभर मीठ घालणाऱ्या माणसांना गोड-खारटाचं कौतुक कुणी सांगायचं? इथे ते चिमटीऐवजी मुठीने घालतात, एवढंच.

आता चक्का. या ठिकाणी वाचकाने जरा सैल बसावं.

आमच्याकडे पाडव्याच्या आदल्या रात्री दही टांगायचं काम पुरुषांचं. बाकी स्वयंपाकघरात आमचे वडील पाण्याचा पेला घेण्यापुरते जात, पण त्या रात्री स्टुलावर चढून खुंटीला पंचाची गाठ मारताना त्यांचा चेहरा ध्वजारोहणाला आलेल्या पाहुण्यासारखा व्हायचा. नियम कडक. दही घट्ट कवडीचं. पंचा ओला करून पिळलेला. गाठोडं दाबायचं नाही, पिळायचं नाही, वर वजन ठेवायचं नाही. ते ठेवणारी माणसं घाईची असतात आणि त्यांच्या घरात आपण मुली द्यायच्या नाहीत, इथवर आजोबांचं मत होतं. सकाळी चक्क्याएवढीच साखर घालून झाकून ठेवायचं. साखर विरघळली की पुरणयंत्रातून काढायचं. मिक्सर लावला की श्रीखंड पातळ होतं, हे मी इथल्या शेजाऱ्यांनाही सांगितलं आहे, त्यांनी विचारलं नसताना. वर जायफळ, वेलची, केशर, चारोळी. आंब्याचा रस घातला की त्याला आम्रखंड म्हणतात आणि आमच्या घरात आजारी माणसालाच ते माफ आहे. इथल्या दुकानांत हल्ली ग्रीक योगर्ट म्हणून जे मिळतं ते अर्धामुर्धा चक्काच. त्यातून निघणाऱ्या आंबट पाण्याचं काय करायचं, हा न्यूयॉर्क राज्यातल्या कारखान्यांपुढचा खरोखरीचा मोठा प्रश्न आहे. आमच्या आईला विचारलं असतं तर तिने त्यात कणीक भिजवली असती.

वडिलांना आता मधुमेहामुळे श्रीखंड बंद आहे. तरी पाडव्याच्या आधी व्हिडिओ कॉलवर मी दही टांगताना ते सांगतात, "गाठ अजून वर घे." फोन नळाला टेकवून ठेवायचा आणि त्यांचं समाधान होईस्तोवर गाठ वर घेत राहायचं. मग आई त्यांना झोपायला नेते.

तर प्रेट्झेल. चक्क्यात चौपट पिठीसाखर घोटली, एकेक प्रेट्झेल बुडवून जाळीवर मांडला आणि ओव्हन कोमट करून, बंद करून, दार किलकिलं ठेवून आत सुकवला. दिसायला देखणे. संध्याकाळी एक उचलला तर तो वाकला. आधीच वाकडी वस्तू आणखी वाकते तेव्हा फार वाईट दिसते. मग पांढरं चॉकलेट वितळवून त्यात चमचाभर चक्का घातला. त्याचा क्षणात खडबडीत गोळा झाला, कारण वितळलेल्या चॉकलेटमध्ये थोडंसं जरी पाणी गेलं तरी आतले साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात.

बायको औषधांच्या कंपनीत आहे, गोळ्यांवर लेप चढवतात त्या खात्यात. इतका वेळ ती चहा पीत बसली होती. "अरे," ती म्हणाली, "कोरड्या गोळीला ओला लेप द्यायचा तर पाणी आत मुरायच्या आधी उडायला हवं. आमच्याकडे गोळ्या फिरत असतात आणि वरून गरम हवेचा झोत असतो. तुझ्याकडे काय आहे? दार उघडा ओव्हन." चक्का कितीही टांगला तरी त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. तेलाच्या लेपात पाणी नसतंच, म्हणून दुकानातला प्रेट्झेल कुरकुरीत राहतो. म्हणजे पाम कर्नल तेल ही लबाडी नसून अक्कल होती. कारखानदाराला शिव्या देण्याची माझी मोठीच सोय गेली. पिशवीवर पुढच्या बाजूला 'योगर्ट' मोठ्ठं छापण्याबद्दलची शिवी मात्र मी राखून ठेवली आहे. साखर आणि तेल विकायचं तर विकावं. दह्याच्या नावावर कशाला?

उपाय अखेर आईने सांगितला, एका शब्दात: "वडी." श्रीखंडाच्या वडीसाठी चक्का नि साखर जाड बुडाच्या कढईत आटवतात, ते मिश्रण कडा सोडू लागायच्या जरा आधीच उतरवलं, त्यात प्रेट्झेल बुडवले. पाणी कढईतच गेलेलं, लेप खडखडीत. वर वेलची आणि चार दाणे जाडं मीठ. मी लेकीच्या वर्गातल्या पार्टीसाठी डबा भरला.

शाळेचा नियम असा की घरी केलेलं काही आणायचं नाही. बंद पाकीट, वर छापील यादी. मी चिडलो. माझ्या आजोबांच्या चक्क्याला लेबल नाही म्हणून तो संशयित? हे मी शाळेच्या फाटकाशी एका बाईंना बरंच रंगवून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या मुलाला शेंगदाणा आणि तीळ चालत नाहीत, चुकून गेला तर घसा सुजतो. तिळाचं नाव लेबलवर स्पष्ट लिहिणं कायद्याने सक्तीचं झालं ते 2023 पासून. त्याआधी त्या बाई कंपन्यांना फोन करून विचारत. मला आठवलं, पिठीसाखर मी ज्या भांड्यात दळली होती त्यात कायम दाण्याचं कूट होतं. आमच्या घरात कूट कशात नसतं? साबुदाण्यात, काकडीत, वांग्यात, मिक्सरच्या पात्यात. मी घरचं, शुद्ध, प्रेमाचं म्हणून जे मिरवत होतो ते त्या मुलाने नुसतं चाखलं असतं तरी त्याला रुग्णवाहिका लागली असती.

पार्टीला मी यादी वाचून घेतलेली पिशवी नेली. साखर आणि पाम कर्नल तेल. तो नऊ वर्षांचा मुलगा पुढे आला, पिशवी उलटी केली, बोट ठेवून यादी शेवटपर्यंत वाचली आणि मग सगळ्यांबरोबर बसून खाल्ले.

घरचे प्रेट्झेल आम्ही घरी खाल्ले. चांगले होतात. तुम्हीही करा, पण चक्का टांगाच, पिळू नका, मिश्रण गरम असतानाच बुडवा आणि त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी ते मऊ पडतात, आणि त्यावर आमच्या घराण्याकडेही उपाय नाही.