पुलाविना सागर: हुडकोतील दुचाकीस्वाराच्या पश्चिमगमनाची मीमांसा

भिलाईच्या हुडको वसाहतीत डिसेंबर लागला की ज्येष्ठ मंडळी उन्हाला खुर्च्या टाकतात आणि तरुण मंडळी मोटारसायकलींना लोखंडी सांगाडे बसवून घेतात. या सांगाड्याला व्यवहारात 'लडाख कॅरियर' म्हणतात. सीटच्या दोन्ही अंगांना सामानाच्या पिशव्या आवळून बांधता याव्यात म्हणून तो असतो, आणि त्याच्या जोडीला हँडलवर तिबेटी मंत्रपताकांची माळ लावण्याचा प्रघात आहे. हा सगळा साज ज्या वाहनावर चढतो ते मात्र सुमारे 300 मीटर उंचीवरच्या भिलाईहून निघून समुद्रसपाटीला जाणार असते, म्हणजे आरंभ आणि शेवट एवढेच पाहिले तर हा प्रवास उताराचा ठरतो. तरीही हिमालयाची तयारी करून कोकणात उतरण्यात कोणाला विसंगती दिसत नाही, कारण या तयारीचा संबंध रस्त्याशी नसून निघण्यापूर्वी वसाहतीच्या तोंडाशी काढल्या जाणाऱ्या छायाचित्राशी असतो.

1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या आणि फेब्रुवारी 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटवणाऱ्या पोलाद कारखान्याभोवती जी मराठी कुटुंबे स्थिरावली, त्यांच्या पहिल्या पिढीने समुद्र पाहिला तो एलटीसीच्या, म्हणजे कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या प्रवास-सवलतीच्या, बळावर. ही पिढी आगगाडीने गेली, होल्डऑल आणि दशम्यांचा डबा घेऊन गेली, आणि परतल्यावर तिकिटे कार्यालयात जमा करून मोकळी झाली. तिला समुद्रकाठी स्वतःचा शोध लागल्याची नोंद कोठे सापडत नाही. बहुधा सवलतीच्या अर्जात तसा रकाना नव्हता. पुढच्या पिढीचा दुचाकीस्वार, जो स्वतःला 'रायडर' म्हणवतो आणि मोटारसायकलवरून दूध आणणाऱ्या शेजाऱ्यापासून स्वतःला काटेकोरपणे वेगळा ठेवतो, तो मात्र शोधासाठीच निघतो. आपण काय हरवले होते हे त्याला निघताना ठाऊक नसते, परंतु ते दापोली तालुक्यात सापडेल याबद्दल त्याची खात्री असते.

आता भूगोल पाहता भिलाईकराचा समुद्र पूर्वेला आहे. विशाखापट्टणम किंवा पुरी गाठायला जेवढे अंतर पडते त्याच्या जवळपास दुप्पट, म्हणजे साधारण 1200 किलोमीटर, अंतर रत्नागिरीसाठी कापावे लागते. तरीही हुडकोतील मराठी रायडर पूर्वेकडे पाठ फिरवतो आणि त्याचे कारण 'आपला समुद्र' असे सांगतो. हे कारण इतिहासाला धरून नाही. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा अठराव्या शतकात छत्तीसगडातूनच पूर्वेला गेल्या, 1751 पासून 1803 पर्यंत ओडिशात त्यांचा अंमल राहिला, आणि पुरीचा किनारा त्यातच मोडत असल्यामुळे बंगालच्या उपसागराचा एक तुकडा अर्धशतकभर रीतसर मराठ्यांच्या ताब्यात होता. कोकणचा किनारा त्याच काळात आंग्रे, पेशवे, सिद्दी, सावंत, पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्यात असा वाटला गेला होता की कोणता गाव कोणाचा हे गावालाही विचारून घ्यावे लागे. तेव्हा मालकीच्या कसोटीवर पुरीचा दावा काही कमी नाही. अडचण एवढीच की पुरीला आजी जाऊन आली आहे, आणि जिथे आजी जाऊन आली तिथे रायडरला जाता येत नाही.

समुद्र ठरला की मार्गाचा प्रश्न उभा राहतो, आणि इथे राज्यसंस्थेचे दुचाकीविषयक तत्त्वज्ञान समजून घ्यावे लागते. दुर्ग, राजनांदगाव, देवरी, भंडारा या क्रमाने नागपूरपर्यंतचे अंतर राष्ट्रीय महामार्ग 53 वरून निर्वेध पार पडते. नागपूरला समृद्धी महामार्ग लागतो. 701 किलोमीटरचा, थेट मुंबईच्या दिशेने नेणारा, जून 2025 मध्ये संपूर्ण खुला झालेला. आणि त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. मज्जाव मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आहे, वांद्रे-वरळी सागरी सेतूवर आहे, मुंबईच्या किनारी रस्त्यावर आहे, आणि ज्यावरून मुंबईतून एका दमात रायगड जिल्ह्यात उतरता येते त्या 21.8 किलोमीटरच्या अटल सेतूवरही आहे. कारण सुरक्षिततेचे दिले जाते, आणि ज्याने दुचाकी पळवणारा भाचा पाहिला आहे त्याला ते खोटे म्हणवत नाही. परंतु राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोल माफ असतो ही गोष्ट शेजारी ठेवली म्हणजे, ज्याच्याकडून काही घ्यायचे नसते त्याच्या जिवाची राज्याला विशेष काळजी वाटते, असा एक करुणामय सिद्धान्त हाती लागतो. पवनार ते पत्रादेवी असा आखलेला नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग झाला की सारे सोपे होईल, अशी आशा रायडर बाळगून आहे. त्या मार्गासाठी जमीन जाणार म्हणून कोल्हापूरकडचे शेतकरी रस्त्यावर उतरले. रायडर त्यांच्यावर रागावला. मात्र आजवरची परंपरा पाहता उद्या त्या रस्त्यावर शेतकऱ्याचा बैल आणि रायडरची बुलेट या दोघांनाही एकाच फाटकावर अडवले जाण्याचा संभव नाकारता येत नाही.

तोवर त्याला वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर अशा वाटेने जाऊन आंबा घाट उतरावा लागतो. अर्धा महाराष्ट्र या वाटेवर पसरलेला असला, तरी त्याच्या चित्रफितीत या सगळ्याचा हिशेब 'डे झिरो' या एका पाटीखाली, दहा सेकंदांत, वेगवान संगीतावर आटोपतो. यवतमाळची पऱ्हाटी आणि सांगोल्याची डाळिंबे यांना समुद्र लागून नाही, हा त्यांचा दोष आहे.

या कष्टांवर काहींनी एक तोडगा काढला आहे. दुर्ग स्थानकावर मोटारसायकल गोणपाटात गुंडाळून, टाकीतले पेट्रोल काढून, पार्सल म्हणून मुंबईला रवाना करायची, स्वतः मागाहून गाडीने जायचे आणि पुढे 'भिलाई ते कोकण, दोन चाकांवर' असा मथळा द्यायचा. भारतीय रेल्वेला रूळ पुरवण्यात भिलाईच्या कारखान्याचा वाटा सर्वांत मोठा असल्यामुळे हा मथळा असत्य आहे असे ठामपणे म्हणता येत नाही. चाके दोन नव्हती एवढेच.

रत्नागिरीहून उत्तरेला वळल्यावर मात्र मूळ विषय सुरू होतो. आरे-वारेचा समुद्रालगतचा वळणाचा रस्ता, गणपतीपुळे, मग जयगड. आणि जयगडला रस्ता संपतो. पुढे खाडी आहे. नदीच्या मुखातून भरतीचे पाणी मैलोन्‌मैल आत शिरते तेव्हा त्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्याला खाडी म्हणतात, आणि कोकणचा किनारा अशा खाड्यांनी ठिकठिकाणी चिरलेला असल्यामुळे समोर दिसणारे गाव गाठण्यासाठी आत वळसा घालून परत बाहेर यावे लागते. हा वळसा वाचवते ती फेरीबोट, जिला पुष्कळ लोक जंगलजेटी म्हणतात: सपाट पाठीची, तोंडाशी लोखंडी फळी टाकणारी बोट, जिच्यावर माणसे, मोटारी, दुचाकी आणि आंब्याच्या पेट्या सारख्याच इतमामाने चढतात. दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये ही सेवा 2003 साली सुरू झाली. शास्त्री नदीच्या मुखाशी जयगड-तवसाळ, सावित्रीच्या मुखाशी वेसवी-बागमांडला आणि राजपुरीच्या खाडीत दिघी-आगरदांडा अशा तिच्या बहिणी आहेत. धोपाव्याच्या अलीकडे, गुहागर तालुक्यातील अंजनवेलला, एन्रॉनने गाजवलेला वीजप्रकल्प दिसतो. तो ओळखला गेला पलीकडच्या दाभोळच्या नावाने, आणि तो बोटीवर चढला असता तरी त्याला दाभोळ लाभले असते की नाही हे सांगणे अवघड आहे.

रायडरच्या संपूर्ण प्रवासात ज्याला खरोखर समुद्रप्रवास म्हणता येईल असा भाग हाच, आणि तो घडतो इंजिन बंद करून. काही मिनिटे त्याला हेल्मेट काढून उभे राहावे लागते, शेजारी मासळीची पाटी घेतलेली बाई असते, कॉलेजला निघालेली मुले असतात, तपासणीला चाललेले म्हातारे जोडपे असते, आणि या मंडळींपैकी कोणीही पाण्याकडे पाहत नसते. हीच मिनिटे पुढे चित्रफितीत सर्वांत जास्त पाहिली जातात. शेजारची बाई रोजचा वेळ आणि रोजचे भाडे मोजत असते. संध्याकाळची शेवटची बोट चुकली तर तिला लांबचा वळसा आणि दुप्पट खर्च आहे. रायडरला शेवटची बोट चुकली तर त्याला एक सुंदर सूर्यास्त आणि चित्रफितीचा स्वतंत्र भाग मिळतो. एकाच जेट्टीवर उभे असलेले हे दोन प्रवासी एकमेकांकडे पाहून हसतात, आणि त्यांच्यात गैरसमजाला जागा राहत नाही, कारण समज मुळी झालेलाच नसतो.

किनाऱ्यावर पोहोचल्यानंतरचा विधी सर्वत्र सारखा आहे. वाहन पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, नेण्यास अनेक ठिकाणी बंदी आहे, आणि बंदीचा फलक छायाचित्रात चांगला येत असल्यामुळे वाहन नेमके त्याच्या पुढे नेले जाते. ओहोटीला ओली वाळू डांबरासारखी कडक भासते; भरती येताच तीच चाकाखालून सरकते. भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत किनाऱ्यावरची माणसे वापरतात: तिथीचा पाऊणपट करावा, म्हणजे चतुर्थीला साधारण तीन वाजता आणि अष्टमीला सहा वाजता भरती. रायडरच्या फोनवर उपग्रहाचे नकाशे, वाऱ्याचा वेग आणि पुढच्या पेट्रोलपंपाचे अंतर असते, फक्त तिथी नसते. मग दोर येतो, फळ्या येतात, वाडीतली चार माणसे येतात, आणि मोटारसायकल वर निघते. तेवढ्यात चेन आणि ब्रेक यांना समुद्राचे पाणी पुरेसे पोचलेले असते. ज्या गावाने देशाला पोलाद दिले त्या गावाच्या मुलाला खाऱ्या पाण्याने लोखंड गंजते हे कर्द्याच्या नारळवाल्याकडून कळावे, यात शिक्षणपद्धतीचा काही दोष असल्यास त्याचा स्वतंत्र विचार व्हावा.

जेवणाच्या बाबतीतही संशोधनाला वाव आहे. 'घरगुती जेवण' अशी पाटी असलेल्या अंगणात रायडरला सकाळी उकड्या तांदळाची पेज मिळते, आणि ती तो डोळे मिटून, मातीशी नाते जुळल्याच्या मुद्रेने पितो. छत्तीसगडात रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी खाण्याची जी रीत आहे, जिला बोरे-बासी म्हणतात आणि जिच्या सन्मानार्थ राज्य सरकारने 2022 मध्ये 1 मे हा दिवस साजरा करायला सुरुवात केली, ती वाटी हुडकोत याच्या पुढ्यात आली असता 'शिळे कोण खाणार' म्हणून बाजूला सारली जाते. शिळेपणा हा पदार्थात नसून अंतरात असतो, आणि 1200 किलोमीटरनंतर तो पूर्णपणे नाहीसा होतो, असे अनुमान यावरून काढता येते. कातळशिल्पांचे मात्र याच्या उलट आहे. जांभ्या दगडाच्या सड्यांवर, म्हणजे टेकड्यांच्या सपाट माथ्यांवर, प्रागैतिहासिक माणसाने कोरून ठेवलेली चित्रे उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे अशा गावांत आहेत आणि 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. परंतु ती जमिनीवर पाठ टेकून पडलेली असल्यामुळे आणि त्यांच्यासमोर गाडी उभी केली तर गाडीच दिसत असल्यामुळे रायडर त्यांच्या बाजूने ताशी 70 च्या वेगाने निघून जातो.

रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याने जाणाऱ्या, सुमारे 500 किलोमीटरच्या सागरी महामार्गाची कल्पना अ. र. अंतुले यांच्या नावाशी जोडली जाते. ते 1980 ते 1982 या काळात मुख्यमंत्री होते. त्यानंतर इतके मुख्यमंत्री झाले आणि इतक्या निवडणुका झाल्या की कल्पनेला आता परंपरेचा दर्जा आला आहे. दक्षिणेकडच्या काही खाड्यांवर पूल झाले. बाणकोटच्या खाडीत मात्र खांब उभे राहिले आणि काम वर्षानुवर्षे तिथेच थांबले. रायडर या खांबांपाशी बोटीतून जाताना सरकारला दोन शब्द सुनावतो, आणि त्याच चित्रफितीत पुढे 'इथे अजून गर्दी पोहोचलेली नाही' म्हणून समाधान व्यक्त करतो. या दोन विधानांचा परस्परसंबंध त्याच्या ध्यानात येत नाही. मुंबई-गोवा महामार्गाचे 2011 मध्ये सुरू झालेले चौपदरीकरण आणि बाणकोटचे अर्धवट खांब यांनी मिळून वेळास, केळशी आणि हरिहरेश्वर यांची जेवढी राखण केली तेवढी कोणत्याही पर्यटन धोरणाने केलेली नाही. याचे भाडे पाटी घेतलेल्या बाईने भरले, हा तपशील धोरणाच्या कक्षेबाहेरचा आहे.

आता पुलांच्या हालचाली पुन्हा सुरू झाल्या आहेत आणि हुडकोत त्याबद्दल दोन मते आहेत. एक गट म्हणतो की पूल झाले म्हणजे रेवसहून रेडीला एका दिवसात पोहोचता येईल. दुसरा विचारतो की मग उरलेल्या रजेचे काय करायचे. तिसरी शक्यता दोघांनीही विचारात घेतलेली नाही, जरी अटल सेतूचा दाखला ताजा आहे. पूल होईल, तो रुंद आणि देखणा असेल, त्याला लागणाऱ्या पोलादाचा काही भाग भिलाईहूनही येईल. पूल झाल्यामुळे फेरीबोट तोट्यात जाऊन बंद पडेल. आणि पुलाच्या तोंडाशी दुचाकीचे चित्र काढून त्यावर लाल रेघ मारलेली पाटी लागेल. त्या दिवशी लडाख कॅरियरसह रायडर आणि मोपेडवर पाटी बांधलेली बाई हे दोघे एकाच वळशाने, माघारी खेड-महाडच्या बाजूला वळतील, आणि बाईला रस्ता पाठ असल्यामुळे ती पुढे असेल.