टिफ सार

तेलंगणातल्या निर्मलमध्ये 'टिफ सार कुठं राहतात' असं विचारलंत, तर रिक्षावाला तुम्हाला नेमका टिफिन सेंटरवर नेऊन सोडेल. त्याची काही चूक नाही. टिफ हा चित्रांच्या फाईलचा प्रकार, त्यात साठवताना सहसा चित्रातला एक ठिपकाही गाळत नाहीत, हे त्याला कोण सांगणार? सारांनी सांगितलं असतं. पण तोवर बिचाऱ्याची दोन भाडी बुडाली असती.

सार निवृत्त चित्रकला शिक्षक. वडील धर्माबादकडून इकडे आले, त्यामुळे घरात मराठी, दारात तेलुगू. 'जेवलात का?' या प्रश्नाचं उत्तर ते भाजीबाजारापासून सुरू करतात. वांगी कुणाकडची, त्यानं आधी कुठली किडकी दाखवली, घासाघीस कितीवर तुटली... ते जेवलेत हे कळेपर्यंत विचारणाऱ्याला भूक लागते.

या गृहस्थांनी निर्मलच्या खेळण्यांवर आणि चित्रांवर मराठीत ई-बुक काढायचं मनावर घेतलंय. खेळण्यांना 2009 साली जीआय मानांकन मिळालं, 2016 साली निर्मल आदिलाबादपासून सुटून वेगळा जिल्हा झाला. सारांचं पुस्तक काही हार्ड डिस्कमधून सुटत नाही. नक्काश कारागिरांच्या ओट्यावर बसून त्यांनी सगळं टिपलंय. पोनिकीच्या हलक्या लाकडाचे तुकडे वेगवेगळे कोरून जोडायचे, चिंचोक्यांची खळ आणि भुसा कालवून लेप द्यायचा, मग रंग. प्रत्येक टप्प्याचे फोटो आहेत. भुशाचे तर तीन बाजूंनी.

आणि चित्रं? ती 1200 डीपीआयने स्कॅन केलेली. ए-फोर आकाराचं एक रंगीत चित्र असं स्कॅन केलं की फाईल 400 एमबीच्या वर जाते. किंडलवर चढवायच्या अख्ख्या पुस्तकाची मर्यादा 650 एमबी. म्हणजे दीड चित्रात सारांचा ग्रंथ समाप्त.

"300 डीपीआय केलं तरी फाईल सोळाव्या हिश्शावर येईल," मी म्हटलं. "आणि जेपेग केलं तर..."

"जेपेगचं नाव काढू नकोस. भामटा आहे तो."

मी समजावलं, की डोळ्याला उजेडातला फरक चटकन कळतो, रंगातला तितका नाही. म्हणून जेपेग रंगाचा बारीक तपशील आधी कमी करतो. ते काही दिसत नाही.

"दिसत नाही म्हणून फेकायचं? मग देव्हारा कधी रिकामा करतोस?"

आतून काकू म्हणाल्या, "अहो, तो चित्रं बारीक करतोय, तुमचं नाक नाही कापत!"

मी एक चित्र 1600 पिक्सेलवर आणलं, दर्जा 80 ठेवला. फाईल 500 केबीच्या आत बसली. मूळ आणि नवं शेजारी शेजारी ठेवल्यावर सारांना फरक सांगता येईना. त्यांनी भिंग काढलं. तरीही नाही. मग 'यंत्राची नियत पाहू' म्हणून त्यांनी स्वतःच दर्जाची कळ 80 वरून 10 वर ओढली. जेपेग चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून हिशेब करतो. एवढं दाबल्यावर ते चौकोन उघडे पडणारच. काळ्या पार्श्वभूमीवरचं सोनेरी हरीण स्क्रीनवर आलं आणि सारांना विजय मिळाला.

"बघ! हरणाच्या पोटाखाली फरशी बसवलीय!"

शेवटी पैशाची गोष्ट काढली. अॅमेझॉनच्या 70 टक्के रॉयल्टीच्या योजनेत दर एमबीमागे 7 रुपये पोचवणावळ कापतात. 200 रुपयांचं पुस्तक 25 एमबीचं झालं तर 175 रुपये आधीच वजा, उरलेल्या पंचवीसातले 70 टक्के लेखकाचे.

"साडेसतरा रुपये?" सार गप्प झाले. सारांना गप्प झालेलं पाहून काकूही बाहेर आल्या.

सार राजी झाले. भुशाच्या दोन बाजूसुद्धा गाळल्या. अडले फक्त लेखकाच्या फोटोपाशी. तो म्हणे मुळाबरहुकूमच जाणार, 'नाहीतर चेहऱ्यावरचा अनुभव जातो.'

त्यांना बरं वाटावं म्हणून मी सहज म्हणालो, की मजकुराला वजन नसतं. शंभर पानं लिहिली तरी एक एमबी होत नाही.

"शंभर पानं? फुकट?"

सारांनी त्याच दिवशी प्रस्तावना लिहायला घेतली. चित्रं लहान का केली, याची. परवा भेटले तेव्हा त्र्याण्णवाव्या पानावर होते आणि जेपेगपर्यंत अजून यायचे होते.