सोसायटीतला व्हायरसवाला

सोसायटीतला व्हायरसवाला हा घरोघरी विंडोज एक्सपी असतानाच्या काळात भरभराटीला आलेला इसम. शिक्षण बहुधा सिव्हिलचे, नाहीतर बी.कॉम.; संगणकाशी रीतसर संबंध नाही. तरीही पडद्यावर नको ते पॉप-अप उगवू लागले की शेजाऱ्यांना तोच आठवतो, कारण तो पैसे घेत नाही. पोहे घेतो.

कामाची सुरुवात उलटतपासणीने होते. "काय डाउनलोड केलं होतं?" याला साऱ्या घराचे एकच उत्तर: "काहीच नाही, आपोआप आलं." हे पॉप-अप आणणारा ट्रोजन सहसा आपोआप येत नाही. तो वर्मसारखा स्वतःहून पसरत नाही. फुकटचा गेम, व्हिडिओ दिसण्यासाठी लागणारा तथाकथित कोडेक असल्या सोंगात येतो आणि घरातलेच कोणीतरी त्याला आत घेते. डेस्कटॉपवरचा 'क्रॅक' नावाचा फोल्डर व्हायरसवाल्याला दिसतो. तो घरातल्या चिरंजीवांकडे एकदा पाहतो आणि गप्प बसतो. पेशाची नीती आहे.

त्याचा खरा कस पाहिला तो वुंडोने. हा ट्रोजन सिस्टिम32 फोल्डरमध्ये अगम्य नावाची डीएलएल फाइल ठेवून ती थेट विनलॉगऑनला चिकटवत असे. फाइल पुसावी तर ती 'वापरात आहे'. विनलॉगऑन बंद करावे तर विंडोजच कोसळते. रजिस्ट्रीतली नोंद उडवावी तर ती पुन्हा लिहिली जाते. सेफ मोडचाही भरवसा नाही, कारण विनलॉगऑन तिथेही चालूच असते.

इथे व्हायरसवाल्यांचे दोन पंथ पडतात. पहिला "फॉरमॅट मारू" म्हणतो आणि ताईच्या लग्नाचे फोटो डी ड्राइव्हवर आहेत की सी, हे नंतर विचारतो. दुसरा जातिवंत. तो आधी इंटरनेटची वायर काढतो. मग सिस्टिम रिस्टोअर बंद करतो, कारण जुन्या रिस्टोअर पॉइंटांत ट्रोजनची प्रतही जपलेली असू शकते. पुढे हायजॅकधिसचा लॉग काढून तो पत्रिका पाहावी तसा ओळीओळीने वाचतो. हे साधन नोंदी दाखवते आणि खूण केलेल्या काढते. पापग्रह कोणता हे वाचणाऱ्यानेच ठरवायचे. त्यामुळे ट्रोजन जातो, कधी त्याच्याबरोबर प्रिंटरही जातो. "तो तसाही जुनाच होता," असे व्हायरसवाला सांगतो.

एक गोष्ट मात्र तो कुठेच सांगत नाही. त्याची साधने पेनड्राइव्हवर असतात, आणि तो पेनड्राइव्ह कालच दुसऱ्या विंगमधल्या आजारी संगणकाला लावलेला असतो. ऑटोरनच्या कृपेने तिथली साथ इथे पोचते. मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमधली पेनड्राइव्हची ही सोय 2011 मध्ये अपडेट पाठवून बंद केली. तोवर सोसायटीतला सर्वांत कार्यक्षम वाहक तोच होता.

निघताना तो पथ्ये सांगतो: अपडेट थांबवू नका, रोजच्या वापराला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खाते नको, बँकेचा पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ संगणकावरून बदला. पासवर्ड तेवढा घरच्यांनी बदललेला असतो, तो सफाई चालू होण्याआधी, त्याच संगणकावरून.

विंडोज 8 पासून अँटिव्हायरस विंडोजबरोबरच येऊ लागला आणि या पेशाला उतरती कळा लागली. हल्ली त्याला बोलावणे येते ते काकांच्या मोबाइलमधली जागा भरल्याचे. तिथे पुसायला निघतात सुप्रभातचे फोटो, आणि एकही पुसू द्यायला काका तयार नसतात.