हवा काढायचं मशीन

आमचं कळंब इंदापूर तालुक्यात, नीरेच्या अंगाला. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंदांनी इथल्या शिवारात साखर कारखाना काढला, त्याच्याभोवती वालचंदनगर वसलं, आणि पुढे तिथल्या कारखानदारीची मजल अशी गेली की आता इस्रोच्या अग्निबाणांचे भाग तिथे तयार होतात. म्हणजे आमच्या शेजारी घडलेली वस्तू थेट अवकाशातल्या पोकळीत जाते. तीच पोकळी वीतभर पिशवीत आणायची ठरली, तेव्हा मात्र आमच्या घरात जेवढ्या बैठका झाल्या तेवढ्या चांद्रयानाच्या वेळीही झाल्या नसतील.

निमित्त झालं भाचीचं. माझ्या नणंदेची मुलगी जर्मनीत माग्डेबुर्गला इंजिनिअरिंग शिकते. मागच्या खेपेला तिने नेलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचं तेल डब्यातून निघालं, स्वेटरातून झिरपलं आणि मार्कशीटपर्यंत पोचलं. तेव्हा या खेपेला सगळं सामान हवाबंद करून द्यायचं, त्यासाठी व्हॅक्यूम सीलर घ्यायचा, असं मी जाहीर केलं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. आमच्याकडे तीच रीत. वर्षाचं भरणं हे आत्यांचं खातं आहे आणि त्यात त्या कुणाचा हस्तक्षेप खपवून घेत नाहीत. गव्हात कडुलिंबाचा वाळलेला पाला, तूरडाळीला एरंडेलाचं बोट, तांदळाला बोरिक पावडर, कडधान्याला राख. धान्य उन्हात किती वाळलं हे त्या दाताखाली दाणा फोडून ठरवतात. कट् असा आवाज आला तर कोठीत, नाहीतर पुन्हा गच्चीवर.

"हवा काढायला मशीन?" आत्या म्हणाल्या. "धान्याची हवा काढून काय करायचं?"

"हवा नसली की किडे जगत नाहीत आत्या. सोंडे, भुंगे, सगळे गुदमरतात."

आत्यांनी क्षणभर विचार केला. "मग आमच्या आजानं पेवात येगळं काय केलं व्हतं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण आत्यांचं बरोबर होतं. त्यांचं माहेर नदीपलीकडे माळशिरस तालुक्यात. तिकडे पूर्वी जमिनीत पेवं असत. खड्ड्यात ज्वारी भरायची, वर कडबा आणि माती टाकून तोंड लिंपून घ्यायचं. आत दाणा श्वास घेतो, किडाही घेतो, दोघे मिळून असलेला प्राणवायू संपवतात आणि किडा आपल्याच कर्माने मरतो. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा आणि तो विझला तर आणखी वाट बघायची. आत्यांच्या दृष्टीने मी पाच हजार रुपये घालून आजोबांचा खड्डा विकत आणायला निघाले होते, तोही वीतभर.

तरी मशीन घ्यायचं ठरलं, कारण पेव विमानात नेता येत नाही.

आता निवड. अलीकडे या मशिनांच्या जाहिरातींचं पेव फुटलंय. एक जात तोंडाने हवा ओढणारी. पिशवीचं तोंड फटीत धरायचं, मशीन हवा खेचतं आणि गरम पट्टीने तोंड चिकटवतं. दीड-दोन हजारांपासून पुढे कितीही. दुसरी जात पेटीची. पिशवी अख्खी पेटीत ठेवायची, झाकण लावायचं, सगळ्या पेटीतलीच हवा जाते. ही ओलं, पातळ सगळं पॅक करते, पण किमतीला आणि वजनाला अशी की घरात ठेवायची तर फ्रीज अंगणात काढावा लागेल. म्हणून आम्ही तोंडाने ओढणाऱ्या जातीवर आलो.

तिथे मामांनी सूत्रं हाती घेतली. मामा कारखान्यात वेल्डर होते. रिटायर झाले तरी कुठेही जोड दिसला की त्यावरून बोट फिरवल्याशिवाय त्यांना राहवत नाही. दुकानदाराने फोनवर "वजा ९० किलोपास्कल" असं सांगितलं, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "पूर्ण पोकळी म्हंजे वजा १०१, ती बी समुद्रकाठाला. तुमचं मशीन नव्वदला जातं, तर गेज हाय का त्येला?" दुकानदाराने फोन मालकाकडे दिला. मामांच्या अटी तीनच: रबराची कड बदलता आली पाहिजे, टाका दुहेरी पडला पाहिजे, आणि ओढणं मधेच थांबवायचं बटण पाहिजे. हे तिसरं बटण कशाला, ते पुढे कुरडयांनी समजावलं.

मशीन आलं आणि पहिल्याच दिवशी खरा प्रश्न समोर आला. तो मशिनाचा नव्हता, पिशवीचा होता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्याने केली, त्याच्याकडे व्हॅक्यूम सीलर असला पाहिजे. मशीन एकदा घेतलं की झालं. पिशव्या मात्र जन्मभर घ्यायच्या.

२०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून आत्यांनी दुधाची एकही पिशवी टाकलेली नाही. धुवायची, दोरीवर चिमट्याने वाळवायची, घडी करून फळीवर ठेवायची. "येवढ्या पिशव्या पडल्यात, इकत कशाला?" असं म्हणून त्यांनी त्यातली एक काढली, हरभऱ्याची डाळ भरली आणि मशिनाच्या तोंडात दिली. मशीन घुर्रर्र करत राहिलं. पिशवी तोंडाशी दोन्ही बाजूंनी चिकटली आणि पोटातली हवा तशीच राहिली. आत्या पिशवीकडे बघत होत्या, मामा मशिनाकडे, आणि मी विजेच्या मीटरकडे.

गोम अशी की गुळगुळीत पिशवीच्या दोन्ही बाजू तोंडाशी चिकटल्या की हवेला बाहेर यायला वाटच उरत नाही. म्हणून या मशिनाच्या पिशवीला आतून एका बाजूला जाळीदार खाचा असतात. हवा त्या खाचांतून बाहेर येते. शिवाय पिशवी एका थराची नसते. त्यात नायलॉनचा थर असतो, तो बाहेरचा प्राणवायू आत येऊ देत नाही. आणि आतून पॉलिथिनचा, तो वितळून चिकटतो. नुसत्या पॉलिथिनची पिशवी आज घट्ट दिसते, पण तिच्यातून हवा हळूहळू आत येतच राहते. पिशवीची रुंदी मशिनाच्या पट्टीपेक्षा कमी हवी आणि मालाच्या वर चार बोटं मोकळी जागा हवी, नाहीतर टाका डाळीवरच पडतो. गठ्ठ्याने तयार पिशव्या घेण्यापेक्षा रोल घेतला तर हवी तेवढी लांबी कापता येते. हे सगळं मी वाचून सांगितलं. आत्यांनी दुधाच्या पिशव्या पुन्हा फळीवर ठेवल्या, पण मागे, हाताला लगेच येणार नाहीत अशा.

मग खाचांचा रोल आला आणि घरातल्या प्रत्येक वस्तूची परीक्षा सुरू झाली. डाळ पास झाली. शेंगदाणे पास. गूळ तर पहिल्या श्रेणीत, पावसाळ्यातही चिकटला नाही. काळा मसाला मात्र मशिनाने थेट नाकात घेतला. पूड हलकी असते, हवेबरोबर तीही तोंडाशी आली, टाक्यात बसली, टाका सुटला, आणि मशिनासकट सगळं घर शिंकायला लागलं. मसाल्याच्या वर कागदी रुमालाची घडी ठेवायची असते, हे कळेपर्यंत मामा अंगणात जाऊन उभे होते.

कुरडयांचं दुःख वेगळं. आत्यांनी उन्हाळ्यात केलेल्या, फुलासारख्या नाजूक कुरडया पिशवीत गेल्या, मशीन सुरू झालं आणि आतून कुर्रकुर्र असा आवाज आला. आपल्याला वाटतं मशीन आतून ओढतं. खरं म्हणजे बाहेरची हवा वरून बसते. दर चौरस सेंटीमीटरला जवळजवळ एक किलो, म्हणजे वीतभर लांब-रुंद पिशवीवर तीन-चार क्विंटल. आत्यांना क्विंटलचा हिशेब ताबडतोब कळला. त्या मामांकडे बघून ओरडल्या, "आवं बंद करा, ऊस चाललाय का चरकात!" मामांनी मधेच थांबवायचं बटण दाबलं, आणि निम्म्या कुरडया वाचल्या. उरलेल्यांची पूड तळून खाल्ली.

यानंतर आत्यांचा उत्साह वाढला आणि त्या उकडलेलं पुरणही पिशवीत भरायला निघाल्या. तिथे मी आडवी पडले. हवा नसली की बरेच जंतू थांबतात हे खरं, पण बॉट्युलिनम नावाचा एक असा आहे की त्याला हवा नसलेलीच जागा मानवते. ओलं, शिजवलेलं अन्न किंवा तेलातला लसूण हवा काढून बाहेर ठेवला, तर तो आत बसून विष तयार करतो, आणि ते वासाने ओळखू येईलच असं नाही. म्हणून ओलं काही असेल तर हवा काढूनही ते फ्रीजमध्येच, आणि फार दिवस ठेवायचं तर फ्रीजरमध्ये. मशीन फ्रीजला पर्याय नाही.

"म्हंजे सगळ्यांचा जीव गुदमरला की त्येला तरतरी येती," आत्या म्हणाल्या. "भावकीत हाय असा एकजण." पुरण फ्रीजमध्ये गेलं.

भिगवणहून आणलेल्या उजनीच्या माशांनाही मशीन लागू पडलं, फक्त आधी ताटात पसरून गोठवायचे आणि मग पिशवीत, म्हणजे पाणी मशिनात जात नाही. काटा पिशवीला टोचू नये म्हणून त्यावर दुमडलेला कागद. माशाची पिशवी पुन्हा वापरायची नाही, असाही नियम झाला. डाळ-शेंगदाण्याची मात्र धुऊन वापरायची. दर वेळी तोंड कापलं की पिशवी दोन बोटं आखूड होते. किलोची पिशवी हळूहळू अर्ध्या किलोची होते, मग पावशेराची, आणि शेवटी तिच्यात वेलदोडे जातात.

पिशवी आखूड होण्याच्या या गुणामुळेच मामा सापडले.

आत्यांना हे मशीन का आवडलं, ते मला उशिरा कळलं. ताजेपणाशी त्यांचं फारसं देणंघेणं नव्हतं. आजवर भडंगाचा डबा सणाआधी निम्मा व्हायचा आणि घरात कुणीच खाल्लेला नसायचा. डब्याला झाकण असतं, साक्षीदार नसतो. पिशवी मात्र एकदा कापली की कापली. पूर्वी बायका कोठीची किल्ली कमरेला लावत. आत्यांना आता किल्लीचीही गरज उरली नव्हती.

पण समोर वेल्डर होता. रात्री पिशवी वरून कापायची, मूठभर भडंग काढायचं, हवा ओढून पुन्हा टाका मारायचा. पुडा सकाळी जसाच्या तसा. आत्यांनी भडंगाच्या पुड्यावर वीत लावली. वीत आणि चार बोटं भरायला हवा होता, तो वीत आणि दोन बोटं भरला. मग त्यांनी टाका निरखला. त्यांचा स्वतःचा टाका नेहमी थोडा तिरका पडतो. हा टाका रेघेसारखा सरळ होता.

"येवढा सरळ टाका या घरात एकालाच येतो," त्या म्हणाल्या. मामांनी हे प्रशस्तिपत्र समजून मान लववली.

भाचीचं सामान निघालं तेव्हा ते बघण्यासारखं होतं. चटणी, काळा मसाला, मेतकूट, भाजणी, सगळे पुडे चपटे, एकावर एक. आत्यांना साजूक तूपही द्यायचं होतं, पण युरोपात प्रवाशाला बाहेरून दूधदुभत्याचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप मागे राहिलं. गंमत म्हणजे हवा काढायच्या पंपाची सुरुवात त्याच माग्डेबुर्गला झाली. सतराव्या शतकात तिथले नगराध्यक्ष ओटो फॉन गेरिके यांनी तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली आणि दोन्ही बाजूंना घोडे जुंपले, तरी गोल सुटेनात. आज तिथलं विद्यापीठ त्यांच्याच नावाचं आहे. भाचीने पोचल्यावर फोन करून सांगितलं की मसाल्याचा पुडा हाताने फाटत नाही. आत्या म्हणाल्या, "कात्रीनं काप. घोडं जुपू नको."

आता आमच्या ओट्यावर दुपारी गिरणीवर बसतात तशा बायका डबे घेऊन बसलेल्या असतात. मशीन लागोपाठ चालवलं तर तापतं, म्हणून दोन टाक्यांच्या मधे थांबावं लागतं, आणि त्या वेळात गावातल्या सगळ्या बातम्या होतात. लाईट गेली तर दुसऱ्या दिवशीच्याही. पिशवी आपापली आणायची, हा नियम आत्यांचा. कुणी किराणा दुकानातली साधी पिशवी आणली, तर आत्या तिच्यावर आतून अंगठा फिरवतात आणि परत देतात. "खाचा कुठं हायत? हवेनं काय उडी मारून बाहेर यायचं?" कुणी स्वस्तातला रोल दाखवला, तर आधी विचारतात, "नायलॉन हाय का यात?"

पैसे आत्या घेत नाहीत. पण ज्या घरचा माल, त्यातला वाटीभर ठेवून जायचा, अशी पद्धत आपोआप पडली आहे. कुणाचा कांदा-लसूण मसाला, कुणाची जवसाची चटणी, कुणाचं खारं तिखट. आमच्या फडताळात सगळ्या आळीच्या वाट्या ओळीने जमल्यात.

मी म्हटलं, "आत्या, याही एकेक करून सील करून ठेवू का?"

"ते कशाला?" आत्यांनी मला वेड्यात काढलं. "त्ये खायला हाय."