फर्मेवाल्या काकू

शिंप्याने पैठणीवरचा ब्लाऊज बिघडवावा आणि वर "बाई, तुमचीच तब्येत सुधारलीय" असं ऐकवावं, की त्या इमारतीत एका फर्मेवाल्या काकूंचा जन्म होतो. दुसऱ्याच आठवड्यात त्या शिवणक्लासला नाव घालतात, झारापकरांचं कटिंगचं पुस्तक मिळवतात आणि पुन्हा म्हणून शिंप्याची पायरी चढत नाहीत. त्याच्या दुकानावरून जाताना मात्र चाल मुद्दाम सावकाश ठेवतात. मागचा गळा त्याला नीट दिसायला हवा ना!

काकूंच्या घरी वर्तमानपत्र येतं ते ब्लाऊजचे कागदी फर्मे बेतायला. पान मोठं हवं, कागद चिवट हवा आणि शाई बोटांना लागता कामा नये, एवढंच त्या बघतात. संपादक डावा की उजवा हा प्रश्न त्यांना पडत नाही. पाठ आणि पुढचा भाग मुख्य अंकावर, बाह्या पुरवणीवर. काकांच्या हाती अंक येतो दुपारी, तोही मुंढ्याएवढी गोलाई वजा जाता. सरकार पडलं हे त्यांना कळतं. का पडलं, ते कटोरीत गेलेलं असतं.

बेतायला बसलेल्या काकू एकदा जवळून बघाव्यात. कागद मधोमध दुमडलेला, दाताखाली टाचणी, गळ्यात टेप. छाती 36, चौथा हिस्सा 9, त्यात सैलपणा आणि माया मिळून दीड. खांदा 14, म्हणजे घडीवर 7. गळ्याला छातीचा बारावा हिस्सा, 3. शाळेत गणिताने छळलेली ही बाई साडेसदतीसला चाराने तोंडी भागते. इंजिनियर भाचा मोबाईल काढून "नऊ पॉइंट तीन सात पाच" म्हणेपर्यंत काकूंनी "नऊ इंच तीन सूत" म्हणून रेघ मारलेलीसुद्धा असते. तो हिशेब करून बघतो, बरोबर येतो, आणि तेव्हापासून तो मावशीशी जरा अदबीने बोलतो.

मुंढ्यापाशी मात्र गणित संपतं. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा अर्धा इंच खोल, इतपत पुस्तकात असतं. पण त्या अर्ध्या इंचाची वळणं हाताला सुचावी लागतात. भाचीने प्लॅस्टिकची फ्रेंच कर्व आणून दिली होती. काकू वळण काढतात ते पोह्याच्या ताटलीनेच. यूट्यूबवर कोणी मुलगी ब्लाऊज बेतताना दिसली, की आवाज बंद करून बघतात आणि शेवटी निकाल देतात, "मुंढा खोल गेला गं बाईचा. हात वर केला की सगळा ब्लाऊज वर येणार."

खरा कस लागतो 80 सेंटिमीटरच्या पिसात. कटोरी उरेब कापायची असते, कारण तिरक्या धाग्याला ताण असतो आणि कापड अंगाबरोबर वळतं. पण उरेब कापायला जागा फार लागते. मग फरशीवर कापड, कापडावर फर्मे, आणि भोवती गुडघ्यांवर सरकणाऱ्या काकू. बाही फिरवतात, पाठ उलटी ठेवतात, पट्टी कडेला ढकलतात. घरात त्या वेळी कोणी पंखा लावत नाही. तासाभराने कात्री चालते ती एका दमात. कुठे दोन बोटं कमी पडलीच, तर "काखेत जोड देऊ, तिथे कोण बघतंय!" भारी कापड असेल तर आधी मांजरपाटाचा नमुना होतो, आणि गिऱ्हाईक हजर नसेल तर खांदा बघायला काकांना उभं केलं जातं. काका मुकाट्याने उभे राहतात. तेवढ्या वेळात समोरच्या भिंतीला टेकवलेल्या फर्म्यावरचा जुना अग्रलेख वाचून होतो.

झालेले फर्मे गादीखाली जातात. सगळ्या इमारतीचा इतिहास तिथे घडी करून ठेवलेला आहे. एका पाठीवर 1983 चा विश्वचषक, पण कपिलदेवचं डोकं गळ्यात गेलेलं. प्रत्येकावर निळ्या पेनाने नोंद: "सून, लग्नाआधी", "सून, लग्नानंतर", "सून, खरं माप". अशी दफ्तरं असलेल्या बाईशी सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी आवाज चढवून बोलत नाही.

अमेरिकेत बटरिक नावाच्या एका शिंप्याने 1863 साली लहानमोठ्या मापांचे कागदी फर्मे विकायला काढले आणि त्यावर मोठा धंदा उभा केला. काकूंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. पण बायका त्याच्या मापाच्या होत्या का?"

प्रश्न रास्त आहे. तयार कपड्याच्या मते माणसाचे दोन्ही खांदे सारखे असतात. काकूंच्या नोंदवहीत असा माणूस अजून सापडायचा आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या पाठीला बाक आलाय, म्हणून पाठ पाऊण इंच लांब आणि पुढचा भाग आखूड. बँकेतल्या ताईंचा डावा खांदा पर्सने उतरलाय, म्हणून तिथे तीन सूत कमी. आजींचे हात मागे जात नाहीत, म्हणून हूक पुढे आणि काजं मोठी. हे करताना काकू दहा वेळा बोलतात, "सरळ उभं राहायला काय होतं गं तुम्हाला?" म्हणून ओरडतात, तारीख पुढे ढकलतात आणि शिलाई विचारली तर रागावतात. पण त्यांचा ब्लाऊज पहिल्या दिवशी जसा बसतो तसाच पाचव्या वर्षी बसतो, कारण आत दोन टिपांची माया राखलेली असते आणि उसवायचं कधी, हेही त्यांनाच आधी कळलेलं असतं.

तुमच्या इमारतीत अशा काकू असतील तर दिवाळीच्या महिनाभर आधी कापड देऊन या. आणि माप देताना पोट आत ओढू नका. त्यांना ते कळतं, आणि फर्म्यावर तसं लिहिलं जातं.