इन्व्हर्टर मूळचा कुठला? सोलापूरकरांसाठी सोपे मार्गदर्शन

महावितरणचं एप्रिलचं बिल उघडण्याआधी ज्या घरातला कर्ता खुर्ची ओढून बसून घेतो, अशा सर्व घरांसाठी हे मार्गदर्शन आहे. गच्चीवर सोलर बसवायचं ठरलंच आहे, असं आम्ही धरून चालतो. लागणारं साहित्य: गच्ची, थोडे पैसे, नात्यातला एक इंजिनिअर (शाखा कोणतीही चालेल) आणि ऊन. उन्हाची काळजी नको. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. रोज, वेळेवर आणि पूर्ण दाबानं होणारा पुरवठा एकट्या उन्हाचा.

अनुदानाचा हिशेब सोपा आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार आणि 3 किंवा त्याहून जास्तीला 78 हजार रुपये मिळतात. पॅनल आणि त्यातले सेल भारतात बनलेले हवेत ही अट सरकारनंच घातल्यामुळे पॅनलच्या जन्मगावाची चौकशी करायची सोय राहिली नाही. मग घरातलं सगळं संशोधन इन्व्हर्टरवर येऊन पडतं. शिवाय पॅनल वर गच्चीत कावळ्यांना दिसतात; इन्व्हर्टर जिन्यात, आल्यागेल्याला दिसतो. त्यावर नाव असतं, दिवे असतात. पाहुणा चहा पिता पिता विचारणारच, ‘कुठला घेतला?’

इन्व्हर्टर करतो काय, हेही सांगून ठेवतो, कारण खरेदीच्या चर्चेत हा मुद्दा सहसा निघत नाही. पॅनलमधून येणारी डीसी वीज तो 230 व्होल्टच्या, सेकंदाला 50 आवर्तनांच्या एसी विजेत बदलतो. ढग आला, ऊन तापलं, तरी जास्तीत जास्त वीज कुठल्या व्होल्टेजला निघेल हे तो दिवसभर चाचपत राहतो. आणि हे सगळं त्याला देशाच्या ग्रिडच्या तालात करावं लागतं. दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडणारी 765 केव्हीची रायचूर-सोलापूर लाइन 31 डिसेंबर 2013 ला सुरू झाली, म्हणजे तो ताल एक करण्यातही आपल्या जिल्ह्याचा हातभार आहे. पाहुण्याला हे सांगायला हरकत नाही. तो तरीही ‘कुठला?’ म्हणूनच विचारेल.

तर पहिली पायरी नवी पेठेत. दुकानात शिरावं, पंख्याखाली उभं राहावं आणि संभाषण सुरू करावं.

‘इन्व्हर्टर कुठला ओ?’

‘कंपनीचाय की मालक.’

‘ते कळलं. कंपनी कुठली?’

‘इंडियन.’

‘आणि बनतो कुठं?’

‘फॅक्टरीत.’

‘फॅक्टरी कुठाय?’

‘जर्मन टेक्नॉलॉजी आहे मालक, बिनधास्त घ्या.’

इथे बहुतेकांचं समाधान होतं आणि इथेच या मार्गदर्शनाला बोलणं भाग आहे. कारण वस्तूची आखणी एकीकडे आणि घडण दुसरीकडे असू शकते, हे सोलापूरकराला कुणी शिकवायची गरज नाही. आपली चादर घ्या. जकार्डचं तंत्र मूळ फ्रान्सचं. नक्षी काढणारा एक, भोकं पाडून तिची कार्डं करणारा दुसरा, मागावर उभा राहणारा तिसरा. कार्डांचा तो गठ्ठा उचलून दुसऱ्या गावच्या मागावर चढवला, तर मोर तिथंही हुबेहूब उमटेल. म्हणूनच आपण सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन घेतलं, आणि म्हणूनच पानिपतला विणलेली चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकली जाते अशी तक्रार वर्षानुवर्षं करत आलो. चादर दिसली की आपण उलटी करून काठ बघतो, गिरणीचं नाव विचारतो. आणि हाच माणूस हजारो रुपयांची वस्तू घेताना ‘टेक्नॉलॉजी जर्मन’ एवढ्या नक्षीवर खूश होऊन पिशवी उघडतो.

बरं, चौकशी करायचीच म्हटली, तर उत्तर एक मिळेल अशी आशा धरू नये. जर्मनीची एसएमए ही कासेल शहराजवळची, 1981 पासूनची कंपनी. तिनं 2013 मध्ये चीनमधली झीव्हरसोलर घेतली आणि 2019 मध्ये चीनमधला कारभार तिथल्याच व्यवस्थापनाच्या हाती देऊन ती बाहेर पडली. मधल्या काळात घेतलेला डबा जर्मन की चिनी, यावर एक कौटुंबिक भांडण सहज निघू शकतं. एबीबीची गोष्ट आणखी सरस. एबीबी स्वित्झर्लंडची. 2013 मध्ये तिनं अमेरिकेची पॉवर-वन विकत घेतली. पॉवर-वनचा इन्व्हर्टरचा कारखाना होता इटलीत, टस्कनीतल्या एका गावी. एबीबी आपल्याकडे बंगळूरलाही सोलर इन्व्हर्टर बनवत होती. मग 2020 मध्ये हा सगळा व्यवसाय फिमर या इटालियन कंपनीकडे गेला. भिंतीवरचा डबा हलला नाही, वॉरंटीच्या कागदावरचं नाव तेवढं हललं. (गाव न बदलता आडनाव बदलण्याचा अनुभव डब्याला प्रथमच आला असावा.)

आता बंगळूरचा विषय निघालाच आहे, तर तिथली गंमत बघा. चीनच्या हेफेई शहरातली सनग्रो 2018 पासून बंगळूरजवळच्या कारखान्यात इन्व्हर्टर बनवते. आणि कॅलिफोर्नियाच्या एनफेजचे इंजिनिअर मोठ्या संख्येनं बंगळूरलाच बसून आखणी करतात. म्हणजे चिनी नावाचा घडतो भारतात, अमेरिकन नावाचा आखला जातो भारतात, आणि दोन्ही ठिकाणं सोलापूरहून उद्यान एक्स्प्रेसनं एका रात्रीवर. झाकण उघडलं तर प्रकरण वाढतंच. आतला वीज तोडणारा-जोडणारा आयजीबीटी म्युनिकच्या इन्फिनिऑनचा असू शकतो आणि इन्फिनिऑनचे कारखाने ऑस्ट्रियात आहेत तसे मलेशियातही. नियंत्रणाची चिप डॅलसच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची असू शकते, आणि तिनं 1985 पासून बंगळूरला आखणीचं केंद्र चालवलंय. झाकण उघडू नये. वॉरंटी जाते.

त्याऐवजी बाजूची पट्टी वाचावी. ही पट्टी नेमकी भिंतीकडच्या अंगाला असते. मोबाइलची बॅटरी लावून, मान वाकडी करून वाचावी लागते, म्हणून शक्यतो डबा दुकानात असतानाच वाचावी. तिच्यावर मोठ्या अक्षरांत ब्रँड असतो, त्यानं फसू नये. बारीक अक्षरांत शोधायचं ते ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’. ‘मार्केटेड बाय’ म्हणजे विकणारा, ‘इम्पोर्टेड बाय’ म्हणजे आणणारा. हे दोघं आपल्या लग्नपत्रिकेतल्या ‘आपले विनम्र’ इतकेच जबाबदार असतात. मग ‘आर’ अक्षर आणि पुढे आकडे असलेला बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांक शोधावा. 2017 च्या आदेशानं सोलर इन्व्हर्टरला ही नोंदणी सक्तीची केली. ‘बीआयएस केअर’ या मोफत अॅपमध्ये तो क्रमांक टाकला की उत्पादकाचं नाव आणि पत्ता समोर येतो. नोंदणी ब्रँडला नसते, कारखान्याला असते. एकाच कंपनीचे दोन कारखाने असतील तर क्रमांकही दोन. हे दोन मिनिटांचं काम आहे. नात्यातल्या इंजिनिअरला मात्र आधी सांगू नये, त्याचे दोन रविवार वाया जाऊ द्यावेत.

आता तारे. इंटरनेटवरची परीक्षणं वाचण्याचं एक शास्त्र आहे आणि ते उलटं वाचायचं असतं. पाच तारे देणारा बहुधा असं लिहितो: ‘डिलिव्हरी वेळेत, पॅकिंग मस्त, दिसायला झकास.’ तारीख बघावी. माल आल्याच्या दुसऱ्या दिवशीची. अजून भिंतीला भोकं पडायची आहेत, महावितरणचा नेट मीटर यायचाय, आणि या गृहस्थानं पुठ्ठ्याच्या खोक्याला पाच तारे बहाल केलेत. एक तारा देणारा जास्त प्रामाणिक असतो, पण त्याचाही राग तपासून घ्यावा. सगळ्यात लोकप्रिय तक्रार: ‘लाइट गेली की हासुद्धा बंद पडतो, मग सोलर काय कामाचं?’ साध्या ऑनग्रिड इन्व्हर्टरनं तसंच बंद पडायचं असतं. ग्रिडची वीज गेल्यावर तो दोन सेकंदांच्या आत थांबला नाही, तर तुमच्या गच्चीवरची वीज लाइनमध्ये उलटी जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जातो. आयएस 16169 या मानकात हीच परीक्षा घेतली जाते. तेव्हा ही तक्रार जिथं भरपूर दिसेल, तिथं निदान एवढी खात्री बाळगावी की डबा या परीक्षेला बसून आलाय. लोडशेडिंगमध्येही दिवे हवे असतील तर बॅटरीवाला हायब्रीड घ्यावा आणि जास्तीचे पैसे मोजावेत. याला तारे देऊन पर्याय नाही.

खोट्या परीक्षणांविरुद्ध सरकारनं काही केलं नाही असं नाही. बीआयएसनं नोव्हेंबर 2022 मध्ये आयएस 19000 हे मानक आणलं: लिहिणारा खरा आहे का ते पडताळा, पैसे देऊन लिहून घेतलेलं छापू नका, वाईट परीक्षणं दडपू नका. फार चांगलं मानक आहे. पाळणं ऐच्छिक आहे.

गाव बघायला विसरू नये. शिमल्याच्या ग्राहकानं केलेली स्तुती आपल्या काय कामाची? तिथं इन्व्हर्टरला मफलर लागत असेल. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो आणि बरेच इन्व्हर्टर साधारण पंचेचाळीस अंशांच्या पुढे स्वतःला वाचवण्यासाठी उत्पादन आपणच कमी करतात. तेव्हा कलबुर्गी, विजयपूर, लातूर, नागपूर या नावांची परीक्षणं शोधावीत, तीही जूनमध्ये लिहिलेली. आणि डबा पश्चिमेच्या भिंतीवर लावून, वर चोर नेतील म्हणून पत्र्याची बंद पेटी करून त्यात कोंबू नये. आतला म्युनिक-बंगळूरचा सगळा हिशेब त्या पेटीत शिजतो.

शेवटची चाचणी फुकट आहे आणि ती कोणी करत नाही. विक्रेत्यानं या योजनेत पाच वर्षं देखभाल करायची असते. त्याच्या सर्व्हिसच्या नंबरावर, पैसे देण्याच्या आधी, भर दुपारी दोन वाजता फोन लावावा आणि एवढंच विचारावं: ‘जुळे सोलापुरात माणूस यायला किती दिवस लागतात?’ ‘पुण्याहून पाठवू’ म्हणाला, तर एबीबी आणि एसएमएचा सगळा इतिहास बाजूला ठेवून दुसरं दुकान गाठावं.

वर्ष उलटलं की परीक्षण लिहायची पाळी तुमची. नमुना देतो, आकडे आपापले घालावेत:

‘3 किलोवॅट. विजापूर रोड. उत्तरेची भिंत, सावलीत. कारखान्याचा पत्ता अॅपवर जुळला. मे महिन्यात दुपारी उत्पादन घटतं, चारनंतर सुधारतं. ऑगस्टमध्ये एकदा बंद पडला, पडद्यावर एरर होता. माणूस तिसऱ्या दिवशी आला, मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही बोलला, डीसीचा सैल झालेला कनेक्टर घट्ट करून गेला. चहा घेतला, पैसे घेतले नाहीत. चार तारे.’

पाठवून द्यावं. खाली दिसेल, हे परीक्षण शून्य ग्राहकांना उपयुक्त वाटलं. त्याच्या वरच ‘पॅकिंग मस्त’ असेल, ते चारशे जणांना.